अस्तर आठ एमएम, तरी गर्भ टिकला का नाही? मायक्रोआरएनएची मागची गोष्ट

"डॉक्टर, गर्भाशयाचं अस्तर आठ एमएम हाय म्हणालासा, गर्भ बी ए ग्रेड, मग चिकटला का न्हाई ओ?" कोल्हापुरात राजारामपुरी काय नि शाहूपुरी काय, आयव्हीएफ सेंटरमध्ये बीटा रिपोर्ट, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आला की हा प्रश्न ठरलेला. आणि प्रश्न बरोबरच आहे, कारण सोनोग्राफीत दिसते ती फक्त जाडी, आत पेशी काय बोलतायत ते थोडंच दिसतंय.

आधी सगळा भर मायक्रोस्कोपवर होता. १९५० साली नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी अस्तराचा तुकडा बघून पाळीचा कितवा दिवस आहे ते ओळखायची पद्धत मांडली, तीच पुढं कित्येक वर्षं चालली. १९७८ ला लुईस ब्राऊन ही पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली, १९८६ ला मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये हर्षा, म्हणजे गर्भ बाहेर तयार करता यायला लागला, पण चिकटवून घ्यायचं की नाही ते गर्भाशयच ठरवणार, आणि तेही पाळीतल्या मोजक्या चार-पाच दिवसांतच.

हे ठरवण्यात हात असलेलं मायक्रोआरएनए, म्हणजे जीनला आवर घालणारा बारका आरएनए, सापडलं ते मात्र भलतीकडंच, एक मिलिमीटरच्या किड्यात! १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या लॅबनी दाखवलं की लिन-४ नावाचा जीन प्रोटीन बनवतच नाही, त्यातून जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए निघतो आणि तो दुसऱ्या जीनच्या मेसेंजर आरएनएला (प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या) जाऊन चिकटतो, की तिथलं प्रोटीन कमी. किड्याची काहीतरी भानगड म्हणून लोकांनी सोडून दिलं, ते २००० साली लेट-७ नावाचं असंच मायक्रोआरएनए माणसातपण सापडेपर्यंत. दोघांना नोबेल मिळालं २०२४ ला, म्हणजे एकतीस वर्षांनी, असू दे.

गर्भाशयाशी धागा जुळला तो कॉक्स-२ मुळं. हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन नावाचं निरोप देणारं रसायन बनवतं, आणि ते नसलेल्या उंदरीणींत गर्भ नीट रुजत नाही हे १९९७ लाच कळलं होतं. मग २००७ साली सुधांशु डे यांच्या टीमनं उंदरांत दाखवलं की मिर-१०१ए आणि मिर-१९९ए ही दोन मायक्रोआरएनए याच कॉक्स-२ ला आवर घालतात, तेही गर्भ रुजायच्या वेळेलाच.

मला सगळ्यात भारी वाटतं ते २०१५ चं काम, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं. अस्तर मिर-३०डी बाहेर द्रवात सोडतं, ते बारक्या पिशव्यांतून गर्भापर्यंत जातं, गर्भ ते आत घेतो आणि त्याचे चिकटायचे जीन वाढतात. म्हणजे अजून नाळ नाही, रक्ताचा संबंध नाही, तरी आईकडनं निरोप चाललाय. नाद खुळा!

यावरनं आता मायक्रोआरएनए मोजून 'तुमची विंडो (गर्भ रुजायची वेळ) अमुक दिवशी' सांगणाऱ्या टेस्टपण निघाल्यात. पण बरंचसं काम उंदरांवर नाहीतर लॅबमधल्या पेशींवरचं, आणि बायकांच्या सँपलमध्ये एका अभ्यासाची मायक्रोआरएनएची यादी दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. युरोपातल्या ईश्रे या वंध्यत्व उपचारांच्या डॉक्टर-संशोधकांच्या संघटनेनंसुद्धा २०२३ साली विंडो शोधायच्या टेस्टची शिफारस केलेली नाही, त्यामुळं पॅकेजमध्ये असं काही घातलेलं दिसलं तर ते कशाला, हे पैसे भरायच्या आधीच विचारा.