लेखाशास्त्र शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता

महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकताना-शिकवताना होणारा चॅटजीपीटीसारख्या प्रणालींचा वापर. वाणिज्य शाखेत संगणक त्याआधीच रुळला होता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर (व्यवहाराची नोंद) भरले की खतावणी (खातेनिहाय नोंदवही) आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) आपोआप तयार होते. पण कोणते खाते नावे टाकायचे नि कोणते जमा करायचे, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी खुले झाले आणि तेही काम यंत्रावर सोपवता येऊ लागले.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे डेव्हिड वुड यांच्या पुढाकाराने १४ देशांतील १८६ संस्थांमधल्या ३२७ संशोधकांनी २५,१८१ परीक्षा-प्रश्न चॅटजीपीटीला घालून पाहिले. विद्यार्थ्यांची सरासरी ७६.७ टक्के, तर यंत्राची ४७.४ टक्के भरली. लेखापरीक्षणात ते बरे ठरले, करआकारणीत कच्चे. वजाबाकीच्या जागी त्याने बेरीज केल्याचेही आढळले. हा निष्कर्ष २०२३चा, आणि तो लवकरच शिळा झाला. त्याच वर्षी जीपीटी-४ने, नमुना प्रश्नोत्तरांची व कॅल्क्युलेटरची जोड मिळाल्यावर, सीपीएसारख्या (अमेरिकेतील परवानाधारक लेखापालांची परीक्षा) व्यावसायिक परीक्षांत उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळवले.

खरी अडचण मात्र हिशेब जुळूनही राहणाऱ्या चुकांची आहे. समजा, २,००,००० रुपयांचे यंत्र १ डिसेंबरला घेऊन लगेच वापरात आणले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,००० रुपये. या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय) घेतले असेल, तर तो यंत्राच्या किमतीत धरत नाहीत. आयकरासाठी घसारा (झिजेपोटी धरायचा खर्च) १५ टक्के, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांहून कमी म्हणून निम्मा : १५,००० रुपये. प्रणालीने २,३६,००० रुपयांवर हिशेब केला, तर १७,७०० रुपये येतात. नावे-जमा दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे तेरीज बिनबोभाट जुळते. कंपनी कायद्याचा दिवसांनुसारचा घसारा यात मिसळला की गोंधळ आणखी वाढतो, आणि उत्तराची भाषा तरीही ठामच असते.

म्हणून काही शिक्षक चॅटबॉटचेच उत्तर वर्गात देऊन त्यातल्या चुका शोधायला लावतात, किंवा गृहपाठाला तोंडी परीक्षेची जोड देतात. नुसती बंदी घालणे कागदावरच राहते. सीएच्या (सनदी लेखापालाच्या) हाताखालच्या उमेदवारीत, म्हणजे आर्टिकलशिपमध्ये, प्रश्न वेगळा, गोपनीयतेचा. अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे हे १९४९च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार सीएचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यामुळे आर्टिकल क्लार्कने अशिलाची खतावणी सार्वजनिक चॅटबॉटवर चढवली, तर ज्याच्या हाताखाली तो काम करतो त्या सीएच्या अंगाशी येऊ शकते.