ट्रायसूट बदलला की बाद?

‘सुरुवातीला घातलेला ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हींना चालणारा अंगाबरोबरचा पोशाख) शेवटपर्यंत अंगावर हवा, मध्ये कपडे बदलले की बाद’ हे ट्रायथलॉनच्या नवख्यांना हमखास ऐकवलं जातं. हौशी स्पर्धकांना सहसा तसा नियम नाही. ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं अशा स्प्रिंट म्हणजे छोट्या ट्रायथलॉनमध्ये बदलत बसलात तर वेळ जातो, इतकंच. ३.८, १८० आणि ४२.२ किमीच्या आयर्नमॅनला तर कपडे बदलायला तंबूच असतो. उघड्यावर मात्र बदलायचं नाही.

ट्रायसूटची बसायच्या जागची गादी मुद्दाम पातळ ठेवतात. सायकलिंग शॉर्ट्सची जाड गादी पोहताना स्पंजासारखी पाणी पिते, म्हणून ती पाण्याबाहेर आल्यावरच चढवायची. आधी टॉवेल फिरवा, नाहीतर ओल्या मांडीवर ती गुंडाळत जाते. गोव्याच्या ७०.३ ला, म्हणजे अर्ध्या आयर्नमॅनला, सायकल ९० किमी. तिथे मी ट्रायसूटच ठेवीन, काखेत व्हॅसलीन चोपडून.