नळी तापवून वाकवणे

धातूच्या नळीचा ठरावीक भाग तापवून, नरम करून तिला बाक देण्याची रीत. भरीव गज वाकवणे त्या मानाने सोपे. नळी वाकताना बाहेरची बाजू ताणून पातळ होते आणि आतली दबून जाड होते. मध्ये आधार नसल्याने ती चपटी होते किंवा आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. 25 मिमी व्यासाच्या नळीला मध्यरेषेवर 75 मिमी त्रिज्येचा काटकोनी बाक दिला, तर सुमारे 118 मिमी लांबीचा भाग बाहेरून 137 मिमी होतो, आतून 98 मिमी उरतो. एवढा फरक धातूने सोसावा म्हणून ताव द्यायचा. गोलाई मात्र उष्णता राखत नाही, ती नळीत भरलेली वाळू राखते.

वाळू बारीक आणि पूर्ण कोरडी हवी, म्हणून ती आधी भाजून घेतात. ओल राहिली तर तिची वाफ होऊन बूच गोळीसारखे उडते, आणि त्यात माणसे जायबंदी होतात. एका टोकाला लाकडी बूच ठोकून, नळी बाहेरून टकटक करत वाळू दाबून भरतात. दुसऱ्या बुचाला वाफेसाठी बारीक भोक ठेवतात. जोडाची शिवण असेल तर ती बाकाच्या कुशीला, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या बाजूच्या मधोमध ठेवावी, कारण तिथे ताणही कमी आणि दाबही कमी. मग साधे पोलाद नारिंगी होईपर्यंत, साधारण 900 ते 1,000 °से. तापवून सावकाश ओढतात. एखादी जागा जास्त वाकू लागली की तिथे पाणी ओतून ती थोपवतात. लाली गेल्यावर मात्र जोर लावू नये: सुमारे 200 ते 400 °से.च्या टप्प्यात पोलाद ठिसूळ होते आणि तडकू शकते.

तांब्याचे वेगळे. ते मंद लाल करून नरम केले की थंड झाल्यावरही नरमच राहते, पाण्यात बुडवले तरी. पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडवताना हाच गुण कामी येतो. ॲल्युमिनियम 660 °से.ला वितळते, तेही लाल न होता. म्हणून नळीवर साबण घासतात आणि तो काळा पडला की आच काढतात. ट्रम्पेटसारख्या वाद्यांच्या पितळी नळ्या आधी नरम करून, आत राळ भरून किंवा साबणाचे पाणी गोठवून, थंडच वाकवतात.

जस्ताचा मुलामा असलेली नळी तशीच तापवू नये. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. आधी मुलामा काढावा.

जाड नळवाहिन्यांसाठी आता प्रेरण पद्धत वापरतात. विजेचे वेटोळे नळीचा अरुंद पट्टाच तापवते, आणि तो वाकताच लगेच पाण्याने थंड केला जातो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा थंड, कडक धातूच गोलाई धरून ठेवतो, त्यामुळे वाळू भरावी लागत नाही.