सामान, पोरं आणि देखणी सायकल: घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीतून आमच्या सायकलीच्या दुकानात येणाऱ्या मंडळींची मागणी साधारण सारखीच असते. शनिवारच्या बाजारातली भाजी आणेल, पोरांना शाळेत सोडेल, रविवारी घरच्यांना फिरवून आणेल आणि दारात उभी केली की शोभेल अशी सायकल हवी. ही मागणी रास्त आहे. जी सायकल डोळ्यांना आवडते तीच रोज बाहेर निघते. न आवडणारी जिन्याखाली धूळ खाते. त्यामुळं दिसण्याचा आग्रह धराच. फक्त आधी कार्गो, म्हणजे मालवाहू, सायकलीचा प्रकार ठरू द्या, मग ब्रेक आणि स्टँड बघा, आणि रंग शेवटी निवडा.

मालवाहू सायकल आपल्याकडं नवी नाही. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली, मागं पावाची पेटी बांधलेली सायकल आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पण साध्या सायकलीवर ओझं उंचावर आणि मागच्या चाकाच्याही मागं जातं, त्यामुळं हँडल हलकं पडतं. कार्गो सायकलीची चौकट मुळातच ओझ्यासाठी बनवलेली असते. वजन खाली राहतं आणि शक्यतो दोन चाकांच्या मधे येतं.

कुठला प्रकार घ्यावा?

तीन प्रकार आहेत. पहिला पुढं पेटी असलेला दुचाकी प्रकार, जो नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये घरोघरी दिसतो. पोरं डोळ्यांसमोर बसतात, हे त्याचं मोठं सुख. पण लांबी अडीच मीटरच्या आसपास जाते आणि पुढचं चाक हँडलपासून लांब, दांड्यानं वळवावं लागतं. त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

दुसरा तीनचाकी. असे तीनचाकी गाडे आधीपासून होते, पण कोपनहेगनच्या ख्रिश्चानिया वस्तीत १९८४ साली तयार झालेल्या सायकलीमुळं हा प्रकार नावारूपाला आला. उभी असताना कलंडत नाही, म्हणून आजी-आजोबांना ती सुरक्षित वाटते. मात्र वळणावर वेग कमी केला नाही तर आतलं चाक उचलतं, आणि एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी सायकल एका अंगाला झुकते. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डे किती असतात ते वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रकार मागं लांब असलेला. मागचं चाक थोडं मागं सरकवलेलं, त्यावर लांब आणि भक्कम कॅरियर, दोन्ही बाजूंना पिशव्या. चालवताना ती आपल्या नेहमीच्या सायकलीसारखीच वाटते. चाकं २० इंची असतील तर एकूण लांबी साध्या सायकलीपेक्षा फारशी वाढत नाही. दहातल्या आठ घरांना आम्ही हीच सुचवतो. गणपत गल्लीत, खडेबाजारात गर्दीतून वाट काढायची असते, आणि जुन्या घरांत सायकल उंबरा ओलांडून आत घ्यावी लागते. अडीच मीटरची पेटीवाली सायकल तिथं रोज त्रास देते. तुमचं घर कॅम्पकडं किंवा हिंडलग्याकडं असेल, अंगण मोकळं असेल आणि पोरं अगदी लहान असतील, तर पेटीवालीचा विचार जरूर करा.

लहान चाकांबद्दल लोकांना शंका येते. चाक लहान म्हणजे स्पोक आखूड, आणि आखूड स्पोकचं चाक ओझ्याखाली जास्त टिकतं. शिवाय सामान खाली राहतं. पण लहान चाकाला खड्डा जास्त जाणवतो, म्हणून टायर रुंद हवा, साधारण ६० मिलिमीटर. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखाच घ्या. कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा भरता येईल.

ओझं म्हणजे किती?

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण टाकीसकट वजन ३० किलोच्या घरात जातं. तांदळाचं पोतं २५ किलो. दुसरीतलं पोर वीस-बावीस किलो, वर दप्तर. असं जोडत गेलं की ओझं पटकन वाढतं. कंपनी सांगते ती क्षमता बहुतेक वेळा सायकल, चालवणारा आणि सामान अशी एकत्र धरलेली असते. विचारताना हे नीट विचारून घ्या.

आमच्याकडं चाचणीला येणाऱ्यांना रिकामी सायकल आम्ही देत नाही. कॅरियरवर तांदळाचं पोतं ठेवतो आणि आधी स्टँडवरून काढायला सांगतो. खरी परीक्षा तिथंच होते. स्टँड दोन पायांचा, रुंद बैठकीचा हवा. पोर वर चढताना सायकल हलता कामा नये. आधी ब्रेक धरायचा, सायकल स्टँडवर घ्यायची, मग सामान आणि शेवटी पोर. उतरवताना आधी पोर. घरातल्या प्रत्येकानं हा क्रम पाळावा.

ब्रेक डिस्कचेच घ्या, त्यातही तेलाचे असले तर उत्तम. पावसात लाल चिखल रिमवर बसतो आणि रिमला घासणारा ब्रेक त्याच चिखलानं रिम खातो. ब्रेकमध्ये पैसे वाचवायला आम्ही कुणालाही सांगणार नाही.

साडीगार्ड

यावर आम्ही अडून बसतो. लांब कॅरियरवर मागं बसणाऱ्याचे पाय चाकाच्या अगदी शेजारी येतात. पोराची बोटं, बुटाची नाडी, ओढणी, पदर यातलं काहीही स्पोकमध्ये जाऊ शकतं. म्हणून मागचं चाक दोन्ही बाजूंनी झाकलेलं हवं आणि पाय ठेवायला रुंद पट्टी हवी. आम्ही पत्रा कापून साडीगार्ड करून देतो आणि त्यावर तुमच्या पसंतीची नक्षी कोरतो. कुणी कोयरी मागतं, कुणी इरकलीच्या काठासारखी नक्षी. सायकलीचं रूप खरं खुलतं ते इथं. चौकटीला एकच रंग, पावडर कोटिंग केलेला, केबली आतून नेलेल्या, स्टिकर शून्य, आणि साडीगार्डची नक्षी उठून दिसणारी: आमची आवड अशी आहे. बसायला लाकडी फळी हवी असेल तर तिला दरवर्षी पॉलिश लागेल, एवढं लक्षात ठेवा.

बाळाची मान पक्की धरल्याशिवाय, म्हणजे साधारण वर्षाच्या आत, त्याला सायकलीवर घेऊ नका. त्यानंतर पट्ट्यांची खुर्ची आणि डोक्याला हेल्मेट. मोठ्या पोरांसाठी कॅरियरभोवती कठडा लावून मिळतो. मागं एका बाजूला पाय सोडून बसू नये, दोन्हीकडं पाय टाकून बसावं. साडी नेसणाऱ्या काकू-मावशींना हे पटवायला जरा वेळ लागतो, पण वळणावर तोल राखायला ते गरजेचं आहे.

मोटर लागते का?

शहरातल्या शहरात, एक पोर आणि भाजी एवढंच असेल तर गिअर पुरतात. दोन पोरं आणि रोजचा उड्डाणपूल असेल तर मोटर घ्या. मोटर पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी, अशा अटी पाळल्या तर केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी आणि लायसन लागत नाही. कुणी वेग वाढवून देतो म्हणालं तर ऐकू नका. मग ते वाहन होतं आणि कागदपत्रांची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तासाची बॅटरी भरायला अर्धा ते पाऊण युनिट वीज लागते. चाकातली मोटर सपाटीवर चांगली. भरल्या ओझ्यानं लांब चढ चढताना ती तापते. पायडलपाशी असलेली मोटर गिअरचा फायदा घेते, पण महाग पडते. येळ्ळूरपर्यंत चाकातली मोटर दोन पोरांना आरामात नेईल. राजहंसगडाच्या चढाला मात्र पोरांना उतरवून चालत न्या, त्यांनाही मजा येते.

बॅटरी भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. पुसा, कोरडी होऊ द्या, आणि बाहेर जायच्या दारापासून बाजूला, जागेपणी चार्ज करा. सायकल धुताना जोराच्या पाण्याचा फवारा नको.

नव्या चाकाचे स्पोक पहिल्या महिन्यात बसतात आणि रिमला थोडा आऊट येतो, म्हणजे चाक किंचित वाकडं फिरतं. तो आम्ही मोफत काढून देतो. पावसाळ्याआधीची तपासणी मे महिन्यातच करून घ्या. जूनमध्ये सगळे एकदम येतात. सकाळी सायकल ठेवून जा, संध्याकाळी न्या. मधल्या वेळेसाठी दुकानातली एक साधी सायकल घेऊन गेलात तरी चालेल.