रक्ताची ओढ की सहवासाची?

लहानपणी ताटातूट झालेली भावंडे मोठेपणी समोरासमोर आली, की रक्ताला रक्ताची ओळख पटतेच, असे चांगली शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात. जीवशास्त्राला मात्र अशा ओळखीचा पुरावा सापडत नाही.

आप्तांसाठी झीज सोसण्याचा हिशेब ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडला. आप्ताला होणाऱ्या लाभाला नात्याच्या गुणांकाने गुणल्यावर येणारी संख्या स्वतःला पडणाऱ्या किमतीहून मोठी असेल, तर झीज सोसायला लावणारे जनुक पुढच्या पिढ्यांत टिकते. सख्ख्या भावंडांसाठी हा गुणांक १/२, तर चुलत-मावस भावंडांसाठी १/८ असतो. सगळ्याच माणसांची जनुके ९९ टक्क्यांहून अधिक सारखी असताना भावाचा वाटा निम्माच कसा, असा प्रश्न येथे हमखास पडतो. परंतु गुणांक एकूण साम्य मोजत नाही, तर एखादे जनुक दोघांकडे एकाच नजीकच्या पूर्वजाकडून आले असण्याची शक्यता मोजतो. (घराणेशाहीच्या समर्थनार्थ हॅमिल्टनना साक्षीला बोलावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की हे समीकरण काय घडते ते सांगते, काय घडावे ते नव्हे.)

आता खरी मेख अशी की कोणत्याही प्राण्याला दुसऱ्याची जनुके वाचता येत नाहीत. मग आप्त ओळखायचा कसा? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. कोशातून बाहेर पडलेल्या काही माश्यांना त्यांनी घरट्याचा आणि सोबतिणींचा सहवास मिळू दिला, तर काहींना लगेच वेगळे ठेवले. पहिल्या माश्या घरच्या आणि परक्या माश्यांत भेद करत. वेगळ्या वाढलेल्यांना मात्र तो करता येईना. म्हणजे ओळखीची खूण उपजत नसते, ती घरट्यात मिळते. याचा एक परिणाम फार सूचक आहे. राणीचा समागम एकाहून अधिक नरांशी होत असल्यामुळे एकाच घरट्यात सख्ख्या आणि सावत्र बहिणी नांदतात. घरट्यातून मिळालेली खूण सर्वांची सारखीच असल्याने तिच्या आधारे त्यांच्यात डावे-उजवे करणे अशक्य होते.

माणसाचेही फारसे वेगळे नाही. तैवानमध्ये पूर्वी भावी सुनेला अगदी लहानपणीच घरी आणून मुलाबरोबर वाढवण्याची रीत होती. मानववंशशास्त्रज्ञ आर्थर वुल्फ यांना अशा जोडप्यांत मुले कमी आणि घटस्फोट अधिक आढळले. रक्ताचे नाते नसतानाही सहवासाने त्यांना जणू भावंडे केले होते. (एकाच रक्तगटाच्या वधूवरांनी लग्न करू नये, हा समज येथेच निकालात काढावा, रक्तगट सारखा असणे म्हणजे आप्त असणे नव्हे.)

डेब्रा लीबरमन, जॉन टूबी आणि लेडा कॉस्मिडीस यांच्या २००७ सालच्या संशोधनात आणखी एक बारकावा दिसला. आईला तान्ह्या भावंडाची देखभाल करताना पाहिलेल्या थोरल्याला तेवढी एक खूण पुरते; त्यानंतर किती वर्षे एकत्र काढली, याने त्याच्या मायेत विशेष फरक पडत नाही. धाकट्याला ती संधीच नसते, त्यामुळे त्याची माया एकत्र राहिलेल्या वर्षांवर बेतलेली असते. थोरला शिक्षणासाठी लवकर घराबाहेर पडला, तर त्याची ओढ कायम राहून धाकट्याची तेवढी कमी भरणे या हिशेबात बसते.