जमिनीतला खड्डा म्हणजे कुंडी नव्हे

रोप जमिनीत लावायचा विषय निघाला की हमखास तोच सल्ला मिळतो, मोठा खड्डा काढा, तळाला विटांचे तुकडे टाका, वरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, वाळूचं मस्त मिक्स भरा आणि लावा रोप. अहो ही कुंडी भरायची पद्धत झाली! जमिनीत हेच केल्यामुळे चांगली धडधाकट रोपं सडताना बघून खरंच वाईट वाटतं.

कुंडीचं तुम्हाला माहितीच आहे, माती हलकी हवी, खाली भोक हवं, खत अधूनमधून द्यावं लागतं. ते सोडून देऊ.

खड्ड्याला खाली भोक नसतं, सगळा घोळ इथे आहे. आजूबाजूला चिकण माती असेल तर तिच्यात पाणी फार हळू मुरतं, आणि मधेच तुम्ही भुसभुशीत मिक्स भरलेलं, मग जोराचा पाऊस झाला की पाणी तिथेच घुसतं आणि बाहेर पडायला बघतं तर चारी बाजूंनी आणि खालीसुद्धा तीच चिकण माती. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडून माना टाकतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओततात.

तळाला दगड टाकायची सवय तर मला सगळ्यात जास्त खटकते. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये सहज उतरत नाही, मातीचा खालचा थर पूर्ण चिंब झाला की मगच उतरतं. ओला स्पंज खडीवर ठेवून बघा, त्याची खालची बाजू ओलीच राहते. म्हणजे दगड टाकून तुम्ही तो चिंब थर मुळांच्या आणखी जवळ आणला. कुंडीतही तसंच होतं, पण तिथे जादा पाणी निदान भोकातून जातं, खड्ड्यात ते दगडांमध्ये साचून राहतं.

त्यामुळे आधी जमीन तपासा. साधारण 30 सेमी खोल खड्डा पाण्याने भरा, मुरलं की परत भरा आणि आता तासाभरात पातळी किती खाली जाते ते मोजा. 2-3 सेमी गेली तर ठीक. जेमतेम हलली तर सरळ मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, चिकण जमिनीत माझी पसंती कायम उंचवट्यालाच.

खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच (म्हणजे रोपाची मुळं आणि त्यांना धरून असलेली माती) खोल, रुंदी मात्र दुप्पट-तिप्पट, कारण बरीचशी मुळं वरच्या थरातच आडवी पसरतात. ओल्या चिकण मातीत फावड्याने खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होतात, त्या खरवडून घ्या, नाहीतर मुळं आतल्या आत गोल फिरतात. भरायला खणलेली मातीच वापरा, ढेकळं फोडून. खत मिसळायचंच तर चांगलं कुजलेलं, आणि नुसत्या खड्ड्यात नाही तर पूर्ण वाफ्यात. अर्धा खड्डा खतानेच भरला तर ते कुजत कुजत खाली बसतं, रोप खचतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. कच्चं शेण तळाला अजिबात नको. वरून कंपोस्ट, त्यावर 5 ते 8 सेमी पालापाचोळा, बुंध्याला न चिकटवता, एवढं पुरतं.

वाळूच्या जमिनीत पाणी साचायची भीती नाही, तिथे खत सढळ हाताने मिसळा. कडक मुरमात मोठा खड्डा फोडावाच लागतो, पण तिथेही माती भरायच्या आधी पाणी ओतून बघा.