शेतकचऱ्याने जलशुद्धी

पीक निघाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, तणस, भाताचे तूस आणि फळांच्या साली वापरून पाण्यातले रंग, जड धातू व इतर रसायने काढून टाकण्याची किंवा मोडण्याची पद्धत. काढणे आणि मोडणे ही दोन वेगळी कामे. बोलण्यात मात्र ती सर्रास एकच धरली जातात.

काढायला संत्र्याची सालही पुरते. सालीतल्या पेक्टिन या चिकट पदार्थातील कार्बोक्सिल गट (आम्लधर्मी अणुगट) शिसे, तांबे, कॅडमियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, धरून ठेवतात. याला अधिशोषण म्हणतात. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांची (फळहंगामांची) संत्री विकणाऱ्या नागपुरात सालींना तोटा नाही. पण कच्ची साल पाण्यात टाकली, की पाणीच पिवळट होते. सालीतली साखर आणि रंगद्रव्ये पाण्यात उतरतात, म्हणजे एक घाण काढताना दुसरी मिसळते. म्हणून साल धुऊन, वाळवून, दळून, बरेचदा चुन्याची प्रक्रिया करून वापरतात.

पऱ्हाटी उघड्यावर पेटवली तर राख होते. हवा कोंडून साधारण 400 ते 700 अंश सेल्सिअसला तापवली तर सच्छिद्र जैवकोळसा मिळतो. तो वाफेने किंवा फॉस्फोरिक आम्लाने सक्रिय केला, की एका ग्रॅममधल्या छिद्रांचे क्षेत्रफळ 1000 चौरस मीटरपर्यंत जाऊ शकते. प्रयोगशाळेत मेथिलीन ब्ल्यू या रंगाचे निळे द्रावण या भुकटीसोबत हलवून गाळले, तर खाली स्वच्छ पाणी उतरते. मात्र तीच भुकटी आम्लमिश्रित अल्कोहोलने धुतली, तर थोडा निळा रंग परत येतो. रंग मोडलेला नसतो, नुसता लपलेला असतो.

मोडायचे तर कोळशावर लोह बसवून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, रंगाच्या रेणूतले बंध तोडतात. ही फेंटन अभिक्रिया 1894 पासून ज्ञात आहे. ती आम्लधर्मी पाण्यात, सामू (pH) 3 च्या आसपास, उत्तम चालते. अर्धवट झाली तर मधले पदार्थ उरतात, आणि ते कधीकधी मूळ रंगाहून विषारी असतात. दुसरा मार्ग बुरशीचा. तणसावर धिंगरी अळिंबी काढून घेतल्यावर उरलेल्या भुशात लॅकेजसारखी विकरे (एन्झाइम) असतात. लिग्निन हा लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ फोडणारी ही विकरे फारशी निवड करत नाहीत. कापड रंगवायच्या कित्येक रंगांनाही ती फोडतात. धातू मात्र मूलद्रव्य असल्याने कशानेच मोडत नाही.

सांडपाण्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) 1958 पासून नागपुरातच आहे. शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचे दुखणे मुख्यतः घरगुती मैलापाण्याचे. त्याला आधी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रच हवे. साल-कोळशाची जागा त्यानंतर, किंवा रंगकाम आणि मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नळाशी.

वापरून झालेला माल कुठे टाकायचा, हा प्रश्न खर्चाच्या हिशेबात बहुधा येतच नाही. शिसे धरलेली साल उकिरड्यावर टाकली, तर ते खतातून पुन्हा शेतात जाते.